'सगळं ठीक होईल' म्हटलं की नातू उठून जातो

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय):

वय ७३, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पत्नी तीन वर्षांपूर्वी गेली. घरात मुलगा, सून आणि २४ वर्षांचा नातू. मुलाचा धंदा बसलाय, डोक्यावर कर्ज आहे, आणि त्यातच कंपनीने माणसं कमी केली त्यात नातवाची पहिलीच नोकरी गेली. आजोबा लिहितात, "घरातला मोठा म्हणून मी रोज धीर देतो. सगळं ठीक होईल, आम्ही याहून वाईट दिवस काढलेत, असं सांगतो. सकाळी चांगले विचार व्हॉट्सॲपवर पाठवतो. मागच्या महिन्यात नातू एकदम तडकला, 'आजोबा तुमचा काळ वेगळा होता, तुम्हाला काही कळत नाही, प्लीज बोलू नका.' मुलगाही म्हणाला, बाबा तुम्ही यात पडू नका. तेव्हापासून मी गप्प आहे. रात्री झोप नाही. एक-दीडला पाणी प्यायला उठतो तर नातवाच्या दाराखालून लाईट दिसतो, मी दोन मिनिटं उभा राहतो आणि परत जाऊन पडतो. मी चाळिशीच्या आत असताना आमची कंपनी बंद पडली, आठ महिने घरी होतो, पण रडत बसलो नाही, उभा राहिलो, हे त्याला कितीदा सांगितलंय. आजकालच्या मुलांना ऐकायचंच नसतं का? की मीच अडगळ झालोय? खरं तर आता मलाच काही चांगलं होईल असं वाटत नाही, वयच झालं, मग मी दुसऱ्याला कसली आशा देणार? थोडी एफडी आहे, ती मोडून मुलाला देऊन टाकू का, निदान तेवढा तरी माझा उपयोग."

नमस्कार आजोबा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट लक्षात आली, ती आधी सांगून टाकते, राग मानू नका. मूळ पत्र सात पानांचं आहे. त्यात तुम्ही नातवाला काय काय सांगितलंत ते जवळजवळ शब्दाला शब्द आहे. पण नातू काय म्हणाला याची सात पानांत एकच ओळ आहे आणि तीही भांडणातली. तो नेमकं काय काम करायचा, नोकरी गेल्याचं त्याला कसं कळलं, नुसता मेल आला की कोणी समोर बसवून सांगितलं, त्याच्या टीममधले अजून किती जण गेले, आता तो कुठे अर्ज करतोय, त्याला सगळ्यात जास्त भीती कशाची आहे, पैशाची की मित्रांना तोंड दाखवायची की बापाच्या कर्जाची, यातलं काहीच नाही. माझा अंदाज असा की ते तुम्हाला माहीतच नाहीये. प्रेम कमी आहे म्हणून नव्हे, प्रेम तर पानापानात दिसतंय, पण धीर द्यायची इतकी घाई झाली की विचारायचं राहूनच गेलं.

त्यामुळे 'आजकालच्या मुलांना ऐकायचंच नसतं का' याचं उत्तर मी असं देईन की असतं, पण त्याआधी त्यांचं कोणीतरी ऐकून घ्यावं लागतं, आणि हे आजकालचं वगैरे काही नाही, तुम्ही चोवीस वर्षांचे असताना तुमचंही असंच असणार.

आता 'सगळं ठीक होईल'. हे वाक्य सगळेच बोलतात, मीही बोलते, तोंडातून आपोआप निघतं. पण ऐकणाऱ्याच्या बाजूने बघा ना. सगळं ठीक होईल की नाही हे तुम्हाला माहीत नाही, आणि तुम्हाला माहीत नाही हे त्याला माहीत आहे. समजा त्याने मनाची तयारी करून 'आजोबा मला भीती वाटतेय' असं म्हणायचं ठरवलं होतं, तर या वाक्यानंतर त्याला बोलायला जागा कुठे उरते? 'हो आजोबा' एवढंच म्हणता येतं आणि मग तो उठून जातो. पोराचा पडलेला चेहरा आपल्याला बघवत नाही म्हणून आपण काहीतरी बोलून टाकतो, त्याने आपल्याला बरं वाटतं, त्याला वाटतंच असं नाही.

'आम्ही याहून वाईट दिवस काढले' यात अजून एक गडबड आहे. तुम्हाला वाटतं तुम्ही हिंमत देताय, त्याला ऐकू येतं की तुझं दुःख फार काही मोठं नाही. शिवाय तुमच्याकडे ७३ वर्षांचा हिशोब आहे हो, पडलो आणि उठलो असं किमान चार-पाच वेळा तरी झालं असेल, त्यामुळे तुम्हाला आतून माहीत आहे की दिवस पालटतात. त्याची ही पहिलीच नोकरी आणि पहिलीच आपटी. पडल्यावर माणूस उठतो याचा त्याच्या स्वतःच्या आयुष्यात अजून एकही दाखला नाही. तुमचा निष्कर्ष त्याच्या हातात नुसता ठेवून काही होणार नाही.

पण तुमच्याकडे एक फार मोठी गोष्ट आहे आणि ती तुम्ही अर्धीच वापरताय. ते आठ महिने.

अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फायवश या दोन मानसशास्त्रज्ञांनी मुलांना आपल्या घराबद्दल किती माहिती आहे हे बघायला २० प्रश्न काढले होते. आईवडील कुठे भेटले, आजीआजोबा कुठे वाढले, घरावर कधी काही संकट आलं होतं का, असले साधे प्रश्न. ज्या मुलांना जास्त उत्तरं येत होती त्यांचा स्वतःवरचा विश्वास जास्त होता आणि आपलं आयुष्य आपल्या हातात आहे असंही त्यांना जास्त वाटत होतं. आता उत्तरं पाठ करून घेतली की झालं असं नाही, ते स्वतःही तसं म्हणत नाहीत. ती उत्तरं कळायला घरात कोणीतरी बसून, वेळ काढून, पुन्हापुन्हा सांगितलेलं असावं लागतं, फरक पडतो तो त्या बसण्याने. पण मला त्यातलं जास्त आवडलेलं वेगळंच आहे. त्यांचं म्हणणं, घराच्या गोष्टी साधारण तीन तऱ्हेने सांगितल्या जातात. एक, आपण शून्यातून वर आलो. दोन, आपलं सगळं होतं ते गेलं. आणि तीन, कधी वर गेलो कधी खाली आलो, पण एकमेकांना धरून राहिलो. मुलांना सगळ्यात जास्त बळ देते ती तिसरी.

तुमची गोष्ट पत्रात आहे तशी पहिल्या तऱ्हेची आहे. कंपनी बंद पडली, रडत बसलो नाही, उभा राहिलो. मधले आठ महिने एका स्वल्पविरामात गेले! आणि नातवाला आत्ता गरज आहे ती नेमकी त्याच आठ महिन्यांची, कारण तो तिथेच आहे. तुमच्या गोष्टीचा शेवट त्याला तोंडपाठ आहे, मधलं कोणी सांगितलेलंच नाही.

म्हणून मीच विचारते. त्या आठ महिन्यांत सकाळी उठून तुम्ही काय करायचात? दुपार कशी जायची? ओळखीचं कोणी समोरून येताना दिसलं की रस्ता बदलायचात का? कंपनी बंद होतेय हे पत्नीला लगेच सांगितलंत की काही दिवस नुसतेच डबा घेऊन बाहेर पडत होतात? उसने मागायला कोणाकडे गेलात आणि दारात उभं राहून परत फिरलात असं झालं का? कोणी असं भेटलं का की ज्याने काही उपदेश न करता नुसतं बरोबर बसून घेतलं? आणि एकदाही, खरं सांगा, एकदाही रडला नाहीत?

हे आधी स्वतःशी आठवा, वाटलं तर वहीत लिहून काढा. मग नातवाला सांगायची वेळ येईल तेव्हा यातला एकच तुकडा सांगा. सगळं नको. आणि गोष्ट जिथे संपते तिथे तोंड मिटा, 'म्हणून बाळा तुला सांगतो' हे सुरू झालं की तुमच्या गोष्टीचं लेक्चर झालं.

कधी सांगायचं? मला वाटतं वेळ तुम्हीच पत्रात लिहून पाठवलीये. रात्री एक-दीडला घरातली दोन माणसं जागी आहेत, मधे एक दार, दोघांनाही झोप नाही आणि दोघंही झोपल्याचं नाटक करतायत. आज उभे राहाल तेव्हा परत फिरू नका, हळूच टकटक करा. उत्तर आलं नाही तर मुकाट्याने जाऊन झोपा, मनाला लावून घेऊ नका, दोन-तीन दिवसांनी परत बघा. 'या' म्हणाला तर 'मलाही झोप येत नाहीये रे, पाच मिनिटं बसू का' एवढंच. फोनवर काय बघतोयस, इतक्या रात्री जागरण कशाला, डोळे खराब होतील, यातलं काहीही नको. नोकरीचं काय झालं हे तर अजिबात नको, तो प्रश्न त्याला दिवसभरात सगळ्यांनी विचारून झालेला असतो. पहिल्या दिवशी काहीच बोलणं झालं नाही तरी चालेल. खरंच चालेल. शांतता आली की ती भरून काढायची सवय असते आपल्याला, ती जरा आवरा.

आणि कधीतरी, योग्य वाटेल तेव्हा, हे म्हणा: 'त्या दिवशी तू म्हणालास मला काही कळत नाही. बरोबर आहे तुझं, मला नाही कळत. मला सांगशील?'

या वाक्यासाठी मोठेपणा लागतो, ते म्हणणं सोपं नाही मला माहितीये. पण विचार करा, तुमच्या वेळी नोकरी मागायला गेलात तर निदान गेटवर वॉचमन होता, आत साहेब होता, नाही म्हणणारा एक चेहरा होता. आता पोरं रात्री बसून पन्नास ठिकाणी ऑनलाइन अर्ज टाकतात, काही ठिकाणांहून माणसाने वाचायच्या आधीच नकाराचा मेल येतो आणि बाकीच्यांकडून काहीच येत नाही, ना हो ना नाही. हे रोज सोसणं काय असतं ते तुम्ही त्याच्याकडूनच ऐकलं पाहिजे. ऐकताना 'आमच्या वेळी' हे दोन शब्द फक्त गिळायचे. त्याने काय केलं पाहिजे हे सुचलं तरी गिळायचं. त्याऐवजी विचारा, 'मग यातलं सगळ्यात जास्त काय छळतंय तुला?'

हा प्रश्न मी हवेतून काढलेला नाहीये. झिम्बाब्वेमध्ये डिक्सन चिबांडा नावाचे मानसोपचारतज्ज्ञ आहेत. त्यांच्या देशात मनाचे डॉक्टर अगदी बोटावर मोजण्याइतके, आणि खचलेली माणसं हजारोंनी. २००६ मध्ये त्यांना हरारेच्या म्बारे भागात कामाला ना डॉक्टर मिळाले ना नर्स ना खोली, मिळाल्या त्या १४ आज्या, वस्तीतच आरोग्याचं काम करणाऱ्या, कुठलीही मोठी डिग्री नसलेल्या. मग दवाखान्याच्या आवारात झाडाखाली लाकडी बाक ठेवला आणि आज्यांना तिथे बसून बोलायचं ट्रेनिंग दिलं. आजी काय करते, तर आधी समोरच्याला सगळं बोलू देते. मग म्हणते, या सगळ्यातली कुठली एक अडचण आधी हातात घ्यायची ते तू ठरव. मग त्या एकाच अडचणीवर या आठवड्यात करता येईल असं काहीतरी छोटं दोघं मिळून ठरवतात, आणि पुढच्या वेळी आल्यावर ते जमलं का बघतात. नंतर ही माणसं गटात भेटतात, जुन्या प्लास्टिकच्या पिशव्या विणता विणता गप्पा मारतात. बास. यावर रीतसर चाचणी झाली, हरारेच्या दवाखान्यांमधल्या ५७३ लोकांवर, २०१६ मध्ये ती अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये छापून आली, आणि सहा महिन्यांनी बाकावर बसलेल्या लोकांमधली नैराश्याची लक्षणं नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा बरीच कमी निघाली.

लक्षात घ्या, त्या आज्या काही फार सुखात नव्हत्या, घरची गरिबी, आजारपणं, जवळची माणसं गेलेली, सगळं होतं. 'मलाच आशा नाही मग मी कसली देणार' हा तुमचा हिशोब इथे चुकतो. आशा म्हणजे काहीतरी आपल्याकडे साठा असतो आणि त्यातली आपण दुसऱ्याला काढून देतो असं तुम्ही धरून चाललाय. सी. आर. स्नायडर म्हणून एक मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९९१ मध्ये आशेची फार कामाची मांडणी केली. त्यांच्या मते जिथे पोचायचंय तिकडे जायची एखादी वाट दिसणं आणि त्या वाटेने आपण चालू शकतो असं वाटणं, हे दोन्ही मिळून आशा. यात 'शेवट गोड होईल' असं कुठेच नाही बघा. म्हणजे तुमचा स्वतःचा मूड कितीही पडलेला असला तरी 'उद्या एकच फोन करायचा असेल तर कोणाला करशील' हे तुम्ही त्याला विचारू शकता, आणि परवा 'केलास का' हेही विचारू शकता, न केल्यास न चिडता.

जाता जाता, ते सकाळचे फॉरवर्ड बंद करा. उगवता सूर्य, गुलाबाचं फूल आणि खाली 'अपयश ही यशाची पहिली पायरी'. नोकरी गेलेल्या माणसाला सकाळी उठल्या उठल्या पायरी दाखवू नये हो. त्याऐवजी आठवड्यातून एकदा तुमच्या स्वतःच्या आवाजात वीस सेकंदांचा व्हॉइस मेसेज, 'आज तुझी आठवण झाली, पलीकडच्याच खोलीत आहेस तरी', असलं काहीतरी. हसेल तरी.

आणि त्याच्याकडून काहीतरी घ्या. मोठ्यांना वाटतं आपण फक्त द्यायचं, घ्यायचं म्हणजे ओझं होणं. उलट आहे. ज्याला महिनोन्महिने 'तुझी गरज नाही' असंच ऐकायला मिळतंय त्याला कोणाला तरी आपली गरज आहे हे कळणं फार मोठं असतं. फक्त ती गरज खरी पाहिजे. 'जरा माझा चष्मा शोधून दे' असली उगाच काढलेली कामं पोरं बरोबर ओळखतात. तुमच्या पत्नीचे जुने फोटो कुठेतरी पेटीत असतील, कोण कोण आहे हे आता फक्त तुम्हालाच माहीत असेल, ते त्याच्याकडून स्कॅन करून घ्या, तुम्ही नावं सांगा, तो लिहील. त्यात ते आठ महिने आपोआप येतील बघा, त्या वर्षीचा एखादा फोटो निघेलच.

आता मुलाबद्दल. 'बाबा तुम्ही यात पडू नका' हे तुम्हाला फार लागलंय, पत्रात तीन वेळा आलंय ते. पण मला सांगा, तुमची कंपनी बंद पडली तेव्हा हा मुलगा केवढा होता? माझ्या हिशोबाने शाळेत असणार, बारा-चौदा वर्षांचा. म्हणजे ते आठ महिने त्याने घरात बसून पाहिलेत. आणि काय पाहिलं? बाप बोलत नाही, बाप रडत नाही, बाप कोणाकडे मन मोकळं करत नाही, एक दिवस उठतो आणि कामाला लागतो. पुरुषाने संकटात असंच वागायचं असतं हे त्याला कोणी शिकवायला गेलं नाही, त्याने बघून घेतलं. आज त्याचा धंदा बसलाय तर तो तेच करतोय. तुम्हाला बाजूला सारावं म्हणून तो म्हणाला असं मला नाही वाटत. पन्नाशीच्या माणसाला बापासमोर कर्जबाजारी होऊन उभं राहण्यापेक्षा बापाने तिकडे बघूच नये हे बरं वाटतं. त्यात लाज आहे, तिरस्कार नाही.

त्यामुळे नातवाच्या आधी किंवा निदान त्याच्याबरोबरीने मुलाशी बोला असं मी म्हणेन. लांबलचक नको. दोघं कुठे बाहेर निघाला असाल, गाडीत शेजारी शेजारी बसला असाल, समोरासमोर नाही, अशा वेळी एवढंच सांगा की 'माझी कंपनी बंद पडली तेव्हा मी तुमच्याशी काही बोललो नाही, मला तेव्हा फार भीती वाटत होती. तू कमी पडलास असं मला वाटत नाही.' तो 'बरं' म्हणेल आणि रस्त्याकडे बघेल. तेवढं पुरे. घरातल्या तीन पिढ्यांतल्या पुरुषांपैकी एकाने तरी भीती वाटली हा शब्द मोठ्याने उच्चारला, मग बाकी दोघांना तो उच्चारणं जरा सोपं जातं.

सूनबाईंचा पत्रात एकदाच उल्लेख आहे, त्या जेवायला हाक मारतात म्हणून. त्या कशा आहेत हो? त्यांना कोणी विचारतं का? उद्या त्यांनाही विचारा, आणि ताट उचलून ठेवताना विचारा.

एफडीचं. नका मोडू, निदान अशी तरी नका मोडू. 'निदान तेवढा तरी माझा उपयोग' या वाक्यासाठी तर मुळीच नको, कारण रात्रीच्या वेळी अपराधीपणातून दिलेला पैसा दोन्हीकडे कडवट होतो, देणाऱ्याला वाटत राहतं की त्याचं काय झालं कोणी सांगत नाही आणि घेणाऱ्याला मान वर करता येत नाही. आधी मुलाकडून कर्ज किती, कोणाचं, व्याज किती, धंदा चालू ठेवायचाय की बंद करायचाय हे कळलं पाहिजे, आणि ते त्याने आपणहून सांगितलं तर. बुडणाऱ्या धंद्यात घातलेले पैसे आणि चढ्या व्याजाचं एखादं कर्ज कायमचं मिटवायला दिलेले पैसे यात खूप फरक आहे. हिशोब समजणाऱ्या बाहेरच्या माणसासमोर तिघांनी बसून ठरवा, तुमच्या आजारपणासाठी लागेल तेवढं बाजूला ठेवूनच, आणि जे द्याल ते उसने की कायमचे हे कागदावर लिहा. तुम्ही आजारी पडलात आणि हातात काही नसलं तर तो खर्चही त्याच मुलाच्या अंगावर येणार आहे.

एक गोष्ट गंभीरपणे. नातू रात्रभर जागा असतो, कोणाशी बोलत नाही, यात बहुतेक वेळा नुसता ताण असतो. पण तो 'मी नसतो तर बरं झालं असतं' अशा अर्थाचं काही बोलला, आवडत्या वस्तू वाटून टाकायला लागला, खाणं सुटलं, दारू वगैरे वाढली, किंवा इतके दिवस पडलेला असून अचानक विचित्र शांत झाला, तर वाट बघू नका. सरळ विचारा, 'तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?' असं विचारल्याने ते विचार डोक्यात भरतात ही समजूत चुकीची आहे, विचारल्याने उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर ओरडू नका, रडारड नको, शपथा घालू नका, 'कोणाला सांगणार नाही' असं वचनही देऊ नका. त्याला एकटं सोडू नका, आईवडिलांना सांगा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. भारतात असाल तर सरकारची टेलीमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं, आणि त्याच्यासाठी तुम्ही फोन केलात तरी चालतो.

याच धर्तीची अजून दोन-तीन पत्रं पडून आहेत, त्यांनाही इथेच सांगते. नातवंडं परदेशात आहेत, फोनवरच बोलणं होतं, काय करू असं एका आजींनी विचारलंय. आजी, फोनवर 'जेवलास का, थंडी आहे का' याच्या पुढे एक प्रश्न जास्त विचारा आणि मागच्या वेळी तो जे बोलला होता ते लक्षात ठेवून विचारा, 'ती तुझी मैत्रीण चिडली होती ती बोलायला लागली का?' लक्षात ठेवणं ही दूर बसून करता येण्यासारखी सगळ्यात मोठी माया आहे. लागलं तर डायरीत लिहून ठेवा, पोरांना कुठे दिसतंय. ज्यांना मूलबाळ नाही असे एक काका म्हणतात मी कोणाचा मोठा? काका, घरच्यांना जे सांगता येत नाही ते पोरं शेजारच्या काकांना सांगतात, कारण तिथे रागावण्याची आणि निराश होण्याची भीती कमी असते. जिन्यात भेटणाऱ्या मुलाला नावाने हाक मारा, रोज, पुढचं पुढे.

शेवटी तुमचं स्वतःचं, आजोबा. पत्नीला जाऊन तीन वर्षं झाली, झोप उडाली आहे, काही चांगलं होईल असं वाटत नाही, आपण अडगळ झालोय असं वाटतं, आणि याचं कारण म्हणून तुम्ही लिहिता, वयच झालं. हे मला पटलेलं नाही. स्टॅनफर्डच्या लॉरा कार्स्टन्सन यांनी वाढत्या वयातल्या भावनांवर कितीतरी वर्षं काम केलंय आणि त्यांना साधारण उलटंच दिसलंय, वय वाढतं तसं मन सांभाळणं माणसाला जास्त जमायला लागतं. २०२० च्या एप्रिलमध्ये कोरोनाच्या ऐन भीतीत त्यांनी अमेरिकेत पाहणी केली, वयस्कर लोकांना धोका जास्त होता तरी त्यांची मनःस्थिती तरुणांपेक्षा बरी होती. म्हणजे सत्तरीत उदास वाटणं हा काही वयाचा नियम नाही. ते नैराश्य असू शकतं, थायरॉइड असू शकतं, एखाद्या गोळीचा परिणाम असू शकतो, पत्नीचं दुःख कोणाशीच न बोलल्याने साचलेलं असू शकतं, आणि यातल्या प्रत्येकावर काही ना काही करता येतं. याच आठवड्यात डॉक्टरकडे जा, चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या, आणि झोपेबरोबर 'काही चांगलं होईल असं वाटत नाही' हेही सांगा, नाहीतर तुम्ही फक्त झोपेचं सांगून याल, मला माहितीये. नातवाला म्हणा चल माझ्याबरोबर, डॉक्टर भराभर बोलतात, मला सगळं लक्षात राहत नाही, तू लिहून घे. आत तो असतानाच डॉक्टरांना खरं काय ते सांगा. लाजू नका.